सैल दोरी

गुलब्या पुन्हा रस्त्यातल्या मोरीवर बसला. धर्माजींनी दोरी ओढली, चुचकारलं, शेवटी एक शिवीही हासडली. कुत्रा जीभ बाहेर काढून निवांत बसून राहिला.

"तू हाक मारून बघ," धर्माजी म्हणाले.

कृष्णकांतनं हाक मारली. गुलब्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"असाच हाय मामा. चालायला नको, हाकेला यायला नको. आमी तर हात टेकले."

"माज्याकडं दे चार दिवस. सरळ करतो त्याला."

कृष्णकांतनं थोडे आढेवेढे घेतले आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

उमरोळीहून कोळगावच्या वाटेला लागताना धर्माजी मिशीतल्या मिशीत हसले. कुत्रा शिकतो की नाही याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना जावई पारखायचा होता. त्यांच्या मंगलाला कृष्णकांतचं स्थळ आलं होतं. पोरगा नीटनेटका, तारापूरला नव्या बांधकामावर कामाला, घरी एकटी आई. पण कामावरून सुटला की तो जातो कुठे, हे कोण सांगणार? सोयरिकीच्या वेळी सगळा गाव गोड बोलतो. मुक्या जनावराला ते जमत नाही.

ही युक्ती त्यांची जुनीच. आदल्या साली बोईसरचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी काहीतरी निमित्त काढून मुलाची बैलगाडी मागून घेतली आणि कासरा सैल सोडला. बैल आपसूक ताडीच्या गुत्त्यापुढे जाऊन उभे राहिले. सोयरीक तिथंच मोडली. तेव्हापासून लग्नाच्या मांडवात म्हणा, न्हाव्यापुढे म्हणा, पालघरच्या बाजारात म्हणा, भेटेल त्याला धर्माजी ती हकिगत तिखटमीठ लावून सांगत. "पुरे झालं तुमचं बैलपुराण," म्हणून त्यांची बायको रखमा वैतागायची.

कृष्णकांतकडे बैल नव्हते. पण घर बघायला गेले त्या दिवशी दारात हा कुत्रा बांधलेला दिसला, आणि धर्माजींचा जीव भांड्यात पडला. कुत्रा काय, मालकामागे सगळीकडे जाणारच.

तरी शिकवतो म्हटलं म्हणजे शिकवायला हवं. वाडीतल्या केळींमधून धर्माजी त्याला सुक्या बोंबलाच्या तुकड्यावर फिरवू लागले. थोडं चालला की गुलब्या बसे. पुन्हा थोडं चाले, पुन्हा बसे. हाका मारून धर्माजींचा घसा बसला. आणि पाणी शेंदता शेंदता रखमा सहज म्हणाली, "ये रं बाळा," तर पठ्ठ्या शेपूट हलवत तिच्या पायाशी हजर!

"बापयाच्या हाकेला येत नाय, बाईच्या येतो," रखमा म्हणाली. "मालकाच्या वळणावर गेला नसला म्हंजे मिळवली."

ते ऐकून धर्माजींना घास गोड लागेना. मंगलाचं वय वाढत होतं. एक स्थळ त्यांनी स्वतःच मोडलं होतं. हेही मोडायची वेळ आली तर पोरीला तोंड कसं दाखवायचं?

बोंबलानं हळूहळू काम केलं. गुलब्या हाकेला येऊ लागला, कुरकुरत का होईना. मग एके दिवशी, कृष्णकांत कामावर असताना, धर्माजी त्याला उमरोळीत घेऊन गेले आणि दोरी सैल सोडली.

गुलब्या पुढे, धर्माजी मागे. ताडांच्या आड चोरून चालणारा गुत्ता जवळ आला, तसा धर्माजींनी श्वास रोखला. गुलब्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो गेला मारुतीच्या देवळापुढे आणि पायरीशी बसला. तिथून उठला तो पिठाच्या गिरणीत. तिथून वैद्याच्या ओसरीवर. वैद्य कुत्र्याकडे बघून हसला. गिरणीवालाही हसला होता. म्हाताऱ्याला कुत्रा फिरवतोय म्हणून हसतात, असं धर्माजींना वाटलं. हसू देत बापडे.

देऊळ, गिरणी, वैद्य. म्हणजे पोरगा देवाला जातो, आईचं दळण आणतो, तिचं औषध नेतो! धर्माजींना भरून आलं. किती महिन्यांचं ओझं छातीवरून उतरलं. मंगला सुखात पडणार होती. मोरीवर बसलेल्या गुलब्याशेजारी तेही टेकले आणि उरलेला बोंबील त्यांनी त्याला एकदमच देऊन टाकला.

कृष्णकांत कामावरून येताच त्यांनी होकार दिला. कृष्णकांतच्या आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. कृष्णकांतनं पाया पडून असा सुस्कारा सोडला की धर्माजींना हसू आवरेना.

"कुत्र्याला बांधतो मामा," तो लगबगीनं म्हणाला.

"राऊ दे रे. ठेसनापतूर येऊ दे मला पोचवायला. मंग देतो कोनाबरोबर धाडून."

स्टेशनात बोईसरकडची गाडी येऊन थांबली होती. गुडघे धरत एक म्हातारी खाली उतरली, आणि गुलब्यानं असा हिसका दिला की धर्माजींच्या हातातून दोरी सुटली. त्यांनी हाक मारली. तो थांबला नाही.

"गुलब्या! माजं बाळ ते!" म्हातारीनं त्याला पोटाशी धरलं.

"आजी, आमच्या जावयाचा कुत्रा हाय तो. कृष्णकांतचा."

"अवो, माजा हाय! रोज देवळात नि वैद्याकडं जाते मी, ह्योच असतो संगतीला. जरा चाललं की मोरीवर टेकते, तर ह्यो पन टेकतो. लेकीकडं जायचं होतं, तर किसनकांत आपनहून म्हनला, आजी, कुत्रा मी सांबाळतो. गुनाचा पोर."

धर्माजींना पुढचं विचारवेना. तरी विचारलं. "मंग त्याचा सोताचा कुत्रा?"

"लाल्या व्हय?" म्हातारी गुलब्याचे कान कुरवाळत म्हणाली. "तो बसला असंल की गुत्त्याच्या दाराशी. सवयच हाय त्याला, किसनकांत भायेर येईस्तवर तितून हलत नाय."