बद्रीनाथने विकले का?

बद्रीनाथने पेपर मिटला, चष्मा खिशात घातला आणि तो गॅलरीतून आत गेला. समोरच्या इमारतीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या असलेल्या रंगरावांच्या तोंडातला चहा कडू झाला.

"निघाला," ते म्हणाले.

"कोण?" द्वारकाबाईंनी विचारायचं म्हणून विचारलं. त्या खिडकीतून त्यांच्या यजमानांना दुसरं कोणी दिसतच नसे.

"महिपतीकडे निघालाय. आज काहीतरी घेणार."

महिपती चौकात, सायकलच्या दुकानाबाहेर टेबल टाकून शेअरचे अर्ज विकायचा. उदारीकरण बिबवेवाडीत उतरलं ते ह्याच टेबलावर. पूर्वी तिथे लॉटरीची तिकिटं असत. टेबल तेच राहिलं, फक्त गिऱ्हाईक इस्त्रीचे कपडे घालून येऊ लागलं.

रंगराव जिल्हा ट्रेझरीत हेडक्लार्क होते. पेन्शनरांचे हयातीचे दाखले त्यांच्या हाताखालून जात. कोण अजून जिवंत आहे, एवढंच काय ते सरकार त्यांना विश्वासात घेऊन सांगत असे. बद्रीनाथ मूळचा वर्ध्याकडचा, पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे हुद्द्याने खालचा, वर पुण्यात उपरा. अशा माणसाला शेअर कळावेत आणि आपल्याला कळू नयेत, ह्याची जी जळजळ होई ती ॲसिडिटीच्या गोळीने जात नसे.

त्यालाच सरळ विचारणं हा एक मार्ग होता. पण मग तो आपल्याला सांगणार, आणि आपण ऐकणार! रंगरावांनी तो मार्ग कधीच बंद करून टाकला होता.

थोड्या वेळाने ते पिशवी घेऊन चौकात गेले.

"कोथिंबीर घ्यायला आलो होतो," ते महिपतीला म्हणाले.

"कोथिंबीर पलीकडे."

"माहितीय मला. आमचे समोरचे आले होते का?"

"येऊन गेले."

"काय घेतलं?"

"सरकारी केबल कंपनी. सरकार आपला हिस्सा विकतंय, लहान गुंतवणूकदाराला भावात सवलत. आता सगळं कॉम्प्युटरवर जाणार साहेब, आणि कॉम्प्युटरला वायर लागते."

"किती घेतले?"

महिपतीने रंगरावांना एकदा नीट न्याहाळलं. "तुम्हाला झेपतील त्याहून जास्त."

रंगरावांनी दुपटीने अर्ज भरला. पैसे मुलीच्या, उत्कर्षाच्या इंजिनिअरिंगचे होते. तिची बारावी व्हायला अजून अवकाश होता, तोवर फी निघून वर काही उरेल, असं त्यांनी द्वारकाबाईंना सांगितलं. कोथिंबीर आणायची राहिली.

शेअर चढला. बद्रीनाथच्या इमारतीखाली पांढरी मारुती येऊन उभी राहिली. ती बहुतेक झाकलेलीच असे. श्रीमंतांना पायी चालायची आवड असते, असा रंगरावांनी निष्कर्ष काढला, आणि त्यांची झोप उडाली. आपलेही शेअर चढलेत, ह्याने त्यांना समाधान वाटेना. समोरच्याचे चढायला नको होते.

मग शेअर उतरू लागला.

"सरकार लहान गुंतवणूकदारांच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे," असं मंत्री टीव्हीवर म्हणाले. सरकार पाठीशी उभं राहतं म्हणजे नेमकं काय करतं, हे रंगराव ऑफिसात रोज बघत होते. त्यामुळे मंत्र्यांवर त्यांनी काडीचाही विश्वास ठेवला नाही. तरी शेअर ठेवले.

"आत्ता विका," द्वारकाबाई म्हणाल्या. "निदान फी तरी निघेल."

"बद्रीनाथने विकलेले नाहीत. महिपतीकडून कळलं."

"त्यांची मुलगी आहे का बारावीला?"

"त्याला त्यातली अक्कल आहे."

"बरं. मग कॉलेजात त्यांची अक्कल भरू या."

शेअर आणखी उतरला. रंगराव एक दिवसाआड कोथिंबिरीला जात राहिले. "विकले का?" "नाही, ठेवलेत." रंगराव घरी येत आणि ठेवत. आज आपण विकले आणि उद्या चढला, तर गॅलरीतला तो मिटलेला पेपर आपल्याला जन्मभर बघावा लागेल, ह्या विचाराने त्यांना घाम फुटे.

उत्कर्षाला कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली. तिने पेढे आणले, देवापुढे ठेवले आणि हळूच म्हणाली, "बाबा, सोमवारपर्यंत फी भरायचीय. नाहीतर सीट जाईल."

त्या संध्याकाळी रंगरावांनी पायजमा बदलून पँट चढवली, रस्ता ओलांडला आणि ते बद्रीनाथचा जिना चढले. प्रत्येक पायरीला त्यांना वाटे की परत फिरावं. मग त्यांना पेढ्यांचा पुडा आठवे.

दार बद्रीनाथनेच उघडलं. तो क्षणभर बघतच राहिला. मग वळून आत ओरडला, "अगं जया, रंगरावसाहेब स्वतः आले! म्हणलं नव्हतं मी, वेळ आली की येतील?"

म्हणजे हा आपल्या शरण येण्याची वाटच बघत होता. 

"बसा जी, बसा." बद्रीनाथने खुर्ची स्वतः पुसली. जयाबाई ठेवणीतल्या कपांत चहा घेऊन आल्या आणि आत न जाता तिथेच थांबल्या. दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

रंगरावांनी मान खाली घातली. आयुष्यात केलं नव्हतं ते केलं.

"स्पष्टच विचारतो, बद्रीनाथ. तुम्हाला ह्यातलं कळतं, मला कळत नाही. मुलीची फी अडकलीय. केबलचे शेअर विकू, की ठेवू?"

बद्रीनाथने बायकोकडे पाहिलं. जयाबाई भिंतीला टेकल्या.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही ट्रेझरीतले. महिपती म्हणाला तुम्ही घेतले, म्हणून मी घेतले; तो म्हणाला तुम्ही विकले नाहीत, म्हणून मी विकले नाहीत. सरकारनं तुम्हालासुद्धा काहीच सांगितलं नाही?"