बटणाची कंबर

"याची कंबर कुठंय, ते जरा दाखवा मला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

टेबलावर बटण नावाचा कुत्रा उभा होता. वरून पाहिलं तर मानेपासून शेपटीपर्यंत सगळा एकसारखा, उशीला पाय फुटावेत तसा. सासरेबुवा टेलर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कमरा मोजल्या, पण आपल्याच कुत्र्याची विचारली तेव्हा खिशातली कात्री चाचपू लागले. उत्तर सुनेनं दिलं.

"केसाळ आहे हो तो, म्हणून तसा दिसतो. वजन म्हणाल तर सहा महिन्यांत अर्धा किलोसुद्धा हललेलं नाही. हे बघा." तिनं पर्समधून छोटी वही काढली. दर रविवारी सकाळी, घरच्या काट्यावर. एक रविवार चुकला असेल तर शपथ! होतीच ती तशी. तिच्या घरात साखरेच्या डब्यालाही रिकामं व्हायचं तर तिला विचारून व्हावं लागे.

डॉक्टरबाईंनी वही बाजूला ठेवली. "मूठ वळा. आता दुसऱ्या हाताची बोटं या हाडांवरून फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या अशा टोचल्या, तर तो उपाशी. आता मूठ सोडा, हात पालथा करा. अशा लागल्या तर उत्तम. आणि हा तळहात. इथं हाड शोधायला बोट दाबावं लागतं की नाही? तसं असेल तर लठ्ठ. आता लावा त्याला हात."

सुनेनं बटणाच्या दोन्ही कुशींना हात लावले. दाबले. आणखी दाबले. बटणाला वाटलं, लाड चाललेत. त्यानं तिचं कोपर चाटलं.

"तळहात," ती पुटपुटली. एवढी वही लिहून शेवटी तोंडघशी! "पण काटा खोटं बोलेल का, डॉक्टर?"

"घरी मोजता कसं?"

"हा एकटा उभा राहतोय कुठला! बाबा त्याला उचलून काट्यावर उभे राहतात. दोघांचे मिळून बहात्तर. पहिल्या रविवारी बहात्तर, काल बहात्तर."

"आणि एकटे बाबा?"

"बासष्ट. पहिल्या दिवशी मोजलेलं. त्यांचं दर वेळी काय मोजायचं? बाबा काय आता वाढणार आहेत?"

डॉक्टरबाईंनी सासरेबुवांकडे पाहिलं. शर्ट अंगाबरोबर, पँट कमरेबरोबर. कुठे काही लोंबत नव्हतं.

"काका, तुम्ही जरा त्या काट्यावर या बघू."

"मी कशाला? पेशंट तो आहे."

"या तर खरं."

"चपला काढू?"

"काढा."

चपला काढायला त्यांनी बराच वेळ घेतला. खिशातली कात्री, किल्ल्यांचा जुडगा, चष्म्याची डबी मात्र खिशातच ठेवली. मग भिंतीला धरून ते कोपऱ्यातल्या काट्यावर चढले. सून मागे उभी होती. तिला पहिल्यांदाच दिसलं, पँटचे मागचे दोन खिसे एकमेकांना जवळजवळ चिकटले होते. मागची शिवण आत घेतली की खिसे असे जवळ येतात, एवढं टेलरच्या सुनेला ठाऊक होतं. आणि शिवण एकदाच घेतलेली नव्हती.

काट्यावर आकडा आला, सत्तावन्न.

वजाबाकी करायला तिला वही लागली नाही. बटण दहाचा पंधरा झाला होता.

"बाबा, ताट तर रोज लख्ख परत येतं," ती म्हणाली.

ते जेवायचे बाहेरच्या खोलीत, मशीनपाशी. हातातलं काम सोडवत नाही, असं सांगायचे. त्यांनी आता बटणाकडे पाहिलं. बटणानं शेपटी हलवली. घरात सगळं ठाऊक असलेला तो एकटाच, आणि त्यानंही ताकास तूर लागू दिली नव्हती.

"घास उतरत नाही गं," ते म्हणाले. "इथं अडकतो."

"कधीपासून?"

"झाले असतील पाच-सहा महिने. तू ऑफिसातून दमून येतेस, तरी माझ्यासाठी वेगळं मऊ रांधतेस. भरलं ताट परत कुठल्या तोंडानं पाठवू? आणि सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतंस."

"मग? नेलंच असतं!" ती एवढ्यानं ओरडली की बटणानं कान पाडले. मग तिच्या डोळ्यांना धार लागली. राग स्वतःचा आलाय की त्यांचा, हे तिचं तिलाच कळेना.

डॉक्टरबाईंनी बटणाचा कागद लिहिला. जेवण निम्मं, फिरणं दुप्पट, महिन्यानं परत दाखवा. मग दुसरा कागद घेतला आणि त्यावर एका डॉक्टरांचं नाव लिहिलं. "हे माणसांचे डॉक्टर. उद्या नको, आज जा. मी फोन करून ठेवते."

सासरेबुवा काट्यावरून उतरायला लागले. तोल जाऊ नये म्हणून सुनेनं त्यांच्या पाठीला हात दिला. शर्टाखाली तिची बोटं थांबली. दाबावं लागलं नाही.

"चला," ती म्हणाली, आणि त्यांचा हात टेबलाकडे जायच्या आत तिनंच बटणाला उचललं. तो तिच्या हातात मावेना. एक पाय निसटला, पट्टा तिच्या मनगटात गुंतला.

"अगं, दे इकडे. जड आहे तो."

"असू दे," ती म्हणाली. "त्यात पाच किलो तुमचे आहेत."