फाटकावरचा मेळ

पाहुण्यांची गाडी यायला दहा मिनिटं होती, तेव्हा कुलसचिव पळनियप्पन स्वतः फाटकापाशी आले. ज्या माणसाने तिरुज्ञानम्‌ला वीस दिवस दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, तो आज त्याला ‘विद्वान’ म्हणत होता.

“विद्वान, मल्लारी वाजवा. देवाची स्वारी निघते तेव्हा वाजवता ना, तीच. न्यायमूर्तींना आवडते.”

“बरं, अय्या. ते माझ्या नेमणुकीचं...”

“उद्या या. सहीच तर राहिलीय.”

एकवीस वर्षं सहीच राहत आली होती. विद्यापीठात नादस्वर शिकवायला अर्धवेळ शिक्षक, अकरा महिन्यांची नेमणूक, आणि दर जूनमध्ये पुन्हा तोच बाक. बाकीचे प्राध्यापक सभागृहात पंख्याखाली बसले होते. हा उघड्या अंगाने, जरीकाठी वेष्टी नेसून, केळीच्या खांबाशेजारी उन्हात उभा. वर्गात सर, फाटकावर वाजंत्री. जोडीला देवळातला तविलवाला कलियमूर्ती, ढोल गळ्यात अडकवून.

समोर रस्त्याच्या कडेला वीणा शिकवणारी कोमळवल्ली सात जणांना घेऊन उभी होती. सगळे अर्धवेळवालेच. तिच्या हातात नावांची यादी होती. अशा लोकांना कायम करायचं की नाही, हे जी समिती ठरवणार होती तिचे प्रमुख म्हणजे आजचे पाहुणे, न्यायमूर्ती नागलिंगम्. कुलसचिवांनी ती यादी पुढे न पाठवता तीनदा परत केली होती.

सकाळी कोमळवल्लीने विचारलं होतं, “अण्णा, तुमचं नाव घालू ना?”

“घाल की. पण मला तुमच्यात उभं राहायला सांगू नकोस, बाई. माझी सही व्हायचीय अजून.”

दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्याची खोड जुनीच. पोटासाठी लागलेली खोड, पण खोडच.

गाडी आली. न्यायमूर्ती उतरले, आणि तिरुज्ञानम्‌ने मल्लारी सुरू केली. म्हाताऱ्याने चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. वाजवणं संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. एवढं मन लावून ऐकणारं माणूस तिरुज्ञानम्‌ला विद्यापीठात आजवर भेटलं नव्हतं.

सूर थांबले तशी कोमळवल्ली पुढे आली. तिने हातातली यादी उघडली.

“अय्या, आम्ही नऊ जण इथे वर्षानुवर्षं वाद्यं शिकवतो. आमची नावं तेवढी ऐका...”

न्यायमूर्तींच्या पाठीमागे कुलसचिवांनी तर्जनी वर केली आणि हवेत जोरजोरात हलवली.

ही खूण इथे शेंबड्या पोरालाही कळते. लग्नात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधतेवेळी वडीलधारं माणूस असंच बोट हलवतं, आणि गेट्टी मेळम्, सगळ्या वाद्यांचा एकदम गजर, कडाडतो. त्या क्षणी कुणी शिंकलं, कुणी रडलं, कुणी वेडंवाकडं बोललं, तरी वधूवरांच्या कानी पडू नये म्हणून. बोट हललं की वाजवायचं. का म्हणून विचारायचं नाही.

कलियमूर्तीची काठी आपोआप तविलवर पडली. तिरुज्ञानम्‌नेही गाल फुगवून जीव खाऊन फुंकलं. सवय म्हणावी तर सवय. पण सवयीच्या आधी त्याच्या डोळ्यांपुढे ती सही आली, हेही खरं. कोमळवल्लीचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता.

न्यायमूर्तींनी हात वर केला. मेळ थांबला.

“लग्न कुणाचं आहे हो इथे?” त्यांनी विचारलं. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“साहेब, त्यांचा कागद कार्यालयामार्फत येईल,” कुलसचिव म्हणाले.

“कागद येऊ दे मार्फत. माझे कान मार्फत ऐकत नाहीत.” त्यांनी सोबतच्या चिटणिसाला वही काढायला लावली. “वाच, अम्मा.”

कोमळवल्लीने कागदावरून नजर उचलली आणि तिरुज्ञानम्‌कडे पाहिलं. कुलसचिवही त्याच्याचकडे पाहत होते. तिरुज्ञानम्‌ने मान खाली घातली. नादस्वराला टांगलेल्या, तोंडाशी लावून फुंकायच्या पत्त्यांच्या जुडग्यातली एक पत्ती घेऊन तो ती अंगठ्याने पुसू लागला. पत्ती कोरडीच होती.

कोमळवल्ली वाचू लागली. व्हायोलिन, सतरा वर्षं. मृदंगम्, चौदा. बासरी, बारा. प्रत्येक नाव वहीत उतरत गेलं. शेवटचं तिचं स्वतःचं होतं, वीणा, सहा वर्षं.

“आठ झाली,” चिटणीस म्हणाला.

“पुढच्या बैठकीत घेतो,” न्यायमूर्ती म्हणाले आणि आत गेले. त्यांच्या मागून जाताना कुलसचिवांनी तिरुज्ञानम्‌च्या उघड्या खांद्यावर थाप मारली.

“नेमकं वाजवलंत, विद्वान. उद्या या.”

गर्दी सभागृहात गेली. कलियमूर्ती पाणी प्यायला निघून गेला. कोमळवल्ली फाटकापाशी आली, तसा तिरुज्ञानम् घाईघाईने म्हणाला, “आठच वाचलीस तू. नऊ म्हणाली होतीस.”

“नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावली होती, अण्णा. सगळ्यात वर एकवीस वर्षं. तेच वाचत होते, तेवढ्यात तुम्ही सुरू केलंत.”

“मग थांबल्यावर पुन्हा वाचायचं होतंस!”

“वाचू का, तेच विचारायला तुमच्याकडे पाहिलं,” ती म्हणाली. “तुम्ही पत्ती पुसत होता.”