पुठ्ठ्याच्या मोबाइलवरची गाडी

"मावशी, समजा घरात कुणी आजारी आहे. गाडी बोलवायचीय. कुठलं बटण दाबाल?"

"समजा कशाला? ते काय, बसल्यात."

द्रौपदानं दाराकडं मान केली. समाजमंदिराच्या पायरीवर तिचा नवरा चांगदेव भिंतीला डोकं टेकून पेंगत होता. पाय सुजून टम्म झालेले. आठवड्यातून दोनदा डिंभ्याहून मंचरला रक्त साफ करायला न्यावं लागायचं. मंगळवारी बस आली नाही, खेप चुकली. आज शुक्रवार, आजही बसचा पत्ता नाही. दुसरी खेप चुकली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरनं बजावलेलं. बजावायला त्याचं काय जातं!

अमृताचा चेहरा उतरला. पुण्याहून आलेली ही पोर पुठ्ठ्याचा मोबाइल करून त्यात स्क्रीन म्हणून एकेक कागद सरकवत होती. गाडी बोलवायचं ॲप बायकांना विचारून करायचं म्हणे. तिनं खिशातला खरा फोन काढला, चार ठिकाणी लावला. गावातल्या जीपा ऊसतोडकरी घेऊन पारगावच्या कारखान्याला गेलेल्या. तिला सोडून गेलेली गाडीही संध्याकाळशिवाय यायची नव्हती.

"कुणीच मोकळं नाही हो, मावशी."

"ऱ्हाऊ द्या, ताई. तुमी तरी काय करनार! तुमचं काम पुरं करा."

द्रौपदानं दाराकडं एकदा बघून घेतलं. पण विचारलंय तर नीट सांगावं, पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडंल. तिनं कागद जवळ ओढला.

"हे नाव, गाव, वय कशाला इचारता? मानूस धापा टाकतंय आन् मी लिवीत बसू व्हय? काढून टाका."

अमृतानं तो कागद काढून टाकला.

"आन् अक्षरं लई बारीक. मोठी करा."

अमृतानं तिथल्या तिथं जाड पेनानं नवा कागद लिहिला आणि पुठ्ठ्यात सरकवला. चौथी शिकलेली द्रौपदा बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली.

"गाडी... दारात... आली... हाय."

बाहेर खोकल्याची उबळ आली. चांगदेव जागा झाला होता. दवाखान्याची फाइल काखेत मारून, भिंतीला धरून तो उठायला बघत होता.

"थांबीव तिला," तो म्हणाला, "आलो मी."