मामाच्या हलक्या मेखा

कल्पना करा, मुलांनो, उद्या तुम्हाला पहिल्यांदाच डोंगरावर मुक्कामाला जायचंय आणि आईने अट घातलीय, "आधी अंगणात तंबू उभा करून दाखवा. संध्याकाळपर्यंत टिकला, तरच जा."

बिट्टीचं अगदी तसंच झालं होतं. तिच्या मामाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तंबूच्या मेखा एकेक करून तोलल्या, सुईसारख्या बारीक तेवढ्या निवडल्या आणि रुंद पात्याच्या बाजूला सारल्या.

"मामा, अंगणातली माती भुसभुशीत आहे. या धरतील का?"

"डोंगर चढताना गुंजभरही वजन जास्त नको, बाळा," असं म्हणत मामाने कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

त्याच मेखा ठोकून दोघांनी अंगणात तंबू उभा केला. दुपारी वारा सुटला. वाऱ्याच्या बाजूच्या दोन्ही मेखा दुधाच्या दातांसारख्या अलगद सुटल्या आणि तंबूची कड फडफडू लागली. आई अजून घरातच होती. बिट्टी धावत मामाकडे गेली.

"मामा, दमलास ना? तंबूत जाऊन जरा पड. या कडेला छान वारा लागतो."

मामा तिथे आडवा झाला आणि घोरू लागला. त्याच्या भाराखाली ती कड जमिनीला जी चिकटली, ती पुन्हा काही उचलली नाही.

संध्याकाळी आईने येऊन पाहिलं आणि होकार दिला. मामा डोळे चोळत बाहेर आला.

"बघितलंस? हलक्या मेखासुद्धा पुरतात."

"हो रे मामा," बिट्टी म्हणाली आणि घरात जाऊन तिने रुंद मेखा गुपचूप स्वतःच्या पिशवीत भरल्या.