ब्याऐंशीची सायकल

"तो ब्रेक काढ आधी," वॉरेन पिकेट म्हणाला. "पंच्याऐंशी सालचा आहे. तुझी सायकल ब्याऐंशीची. तिनं हा जन्मात पाहिला नसेल."

लॉर्नाने निमूट ब्रेक काढला. दोन महिने शोधाशोध करून मागवला होता. पण म्हाताऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती. डोंगर उतरणाऱ्या सायकलींचं वेड या फेअरफॅक्स गावात जन्मलं, तेव्हा वॉरेन तिथेच मेकॅनिक होता.

तिला कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या बाजारात या सायकलीचा नुसता सांगाडा मिळाला होता. ना चाक, ना हँडल. ती तो घेऊन वॉरेनकडे आली, त्या पहिल्या दिवशी त्याने तो हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा केला.

"भिंतीवर टांगणार?"

"छे! टॅम डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरणार. डॉक्टर म्हणाले, या गुडघ्यानं आता चालता आलं तरी खूप. त्यांना फोटो पाठवायचाय."

वॉरेन खो खो हसला. "शनिवारी ये मग. येताना खायला बरिटो आण, दोन."

त्यानंतर दर शनिवारी तो लाकडी खोक्यातून एकेक वस्तू काढायचा. दातेरी पेडल, लांब ब्रेकचे दांडे, अंगठ्याने फिरवायचे गिअर. प्रत्येक वस्तू नेमकी त्याच सालची, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली.

"इतकी वर्षं कशाला जपलंत हे?"

"टाकवलं नाही," एवढंच तो म्हणायचा.

ऑक्टोबरात लॉर्ना टॅमवरून उतरली. धुळीने माखून, रडत, हसत. तशीच ती जुन्या सायकलींच्या मेळाव्याला गेली. ज्या कारागिराने तो सांगाडा घडवला होता, त्याची मुलगी मारिट तिथे परीक्षक होती. ती सायकलीभोवती तीनदा फिरली.

"एकही वस्तू चुकीची नाही! कुणी जमवलं हे सगळं?"

लॉर्नाने अभिमानाने मागे बोट दाखवलं. गर्दीत वॉरेन सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता.

"आता नोंद बघू," म्हणत मारिटने सांगाड्यावरचा आकडा पाहिला आणि वडिलांची वही उघडली. लॉर्ना तिच्या खांद्यावरून वाचू लागली.

'क्रमांक सतरा. जून १९८२. वॉरेन पिकेटसाठी.'

खाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती: 'मार्च ८४. वॉरेनने रंगवण्यासाठी सगळे भाग उतरवले होते. अंगणात वाळत ठेवलेला सांगाडा चोरीला गेला.'