काठाकडून आत

“सुई टोचताना ओरडलास तर मी तुला ओळखत नाही म्हणून सांगेन,” ताई म्हणाली.

“तसंही चारचौघांत कधी ओळख देतेस?” असं म्हणत बारक्या स्कॅनच्या खोलीत गेला.

बारक्या चाळिशीचा रंगारी. नाव बारक्या आणि देह दाराएवढा, असा तो परवा-परवापर्यंत होता. गेल्या काही महिन्यांत मात्र तो इतका उतरला होता की पँट पट्ट्याच्या भरवशावर उभी होती. शेजारीपाजारी त्याला पाहिलं की आवाज खाली आणत. त्यात सोनोग्राफीत त्याच्या यकृतावर एक डाग दिसला. डाग साधा की कॅन्सरचा, हे आज कळायचं होतं. साधा निघाला तर पुढची वाट मोकळी होती. दुसरं काही निघालं तर काय, हे दोघांनीही अजून तोंडातून काढलं नव्हतं.

आत त्याच्या हाताच्या शिरेत औषध सोडलं. अंगभर ऊब पसरली. काचेपलीकडून “श्वास रोखा” असा आवाज यायचा आणि तो शहाण्या मुलासारखा रोखायचा. मग थोडं थांबायचं, की पुन्हा तेच. एरवी भिंती रंगवताना सतत गाणारा माणूस, पण आज त्याला एकही चाल आठवली नाही. तो मनातून पार घाबरला होता.

बाहेर आला तेव्हा ताई बाकावर भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. काळा चष्मा तिने आत येऊनही काढला नव्हता. मनगट मात्र झोपेतही खाजवत होती. बारक्याने तिचा हात हलकेच बाजूला केला.

“चष्मा काढ की. इथे कुठलं ऊन?”

“डोळे बघितले की लोक चौकशा करतात,” ती म्हणाली. “आणि मला खोटं बोलता येत नाही.”

पिशवीत एक सफरचंद होतं. बारक्याने ते दोन्ही हातांनी पिळून फोडलं. तुकडे लहानमोठे झाले. लहानपणी यावरून घर डोक्यावर घेतलं जायचं. ‘मी मोठी, म्हणून मोठा तुकडा माझा’ हा ताईचा कायदा, आणि त्यावर अपील नव्हतं.

“आज मोठा तू घे,” ताई म्हणाली. “उपाशी आहेस.”

“कायदा म्हणजे कायदा,” म्हणत त्याने तो तिच्याच हातात कोंबला. तिने एक घास खाल्ला आणि उरलेला पुन्हा पिशवीत ठेवला.

“ताई, डाग वाईट निघाला तर मला माफ कर.”

“गप रे. माफी कसली? डाग काय तू रंगवलायस?”

तो हसला. तीही हसली, पण आवाज ओला झाला होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर करड्या चित्रात तो डाग दिसत होता.

“हे बघा. औषध रक्तातून पोचलं की कॅन्सरचा डाग बहुधा झटकन उजळतो आणि आजूबाजूच्या भागाआधीच विझतो. तुमच्या डागाला घाई नाही. आधी नुसता काठ ठिपक्या-ठिपक्यांनी उजळला, मग सावकाश काठाकडून आत भरत गेला, आणि शेवटपर्यंत तसाच उजळ राहिला. हा रक्तवाहिन्यांचा साधा गुंता आहे. जन्मभर राहिला तरी काही बिघडत नाही.”

“म्हणजे कॅन्सर नाही?” बारक्याने विचारलं.

“नाही.”

बारक्याच्या जिवात जीव आला. ताईने चष्मा काढून डोळे पुसले. पुसून पुसून तिचा रुमाल भिजला, पण डोळे पिवळेधमकच राहिले.

“मग डॉक्टर,” बारक्या म्हणाला, “आता माझ्या यकृताचा तुकडा ताईला देता येईल ना?”

“येईल. एवढं वजन उतरवलंत, ते कामी आलं; यकृतातली चरबी गेली. उजवा भाग घेतील, निम्म्याहून जास्त.”

बारक्या ताईकडे वळला.

“ऐकलंस? म्हणजे याही वेळी मोठा तुकडा तुझाच.”